तनूला पंचामृत कोण देतं?

"पद्मे, देवाचं पंचामृत पोटात गेल्याशिवाय लेकराच्या तोंडात दुसरं काही जाता कामा नये. तिला पदर येईपर्यंत. मी महाराजांना बोलले आहे. माझ्यामागं तू सांभाळ."

आईचा हा आवाज पद्मजाला रोज पहाटे देव्हाऱ्यापुढं बसताना ऐकू यायचा. खोकल्यानं मध्ये मध्ये तुटणारा, पण हुकमी. आईला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी आवाज तसाच होता. जाण्याआधीच्या पावसाळ्यात नातीला, मनूला, न्यूमोनिया झाला होता. पोरगी हाताला लागते की नाही अशी वेळ आली, तेव्हा आजीनं घाटावर महाराजांच्या पादुकांपुढं पदर पसरून हा नवस बोलला. मनू उठली. आजी मात्र त्याच थंडीत अंथरुणाला लागली. शेवटच्या दिवसांत तिनं लेकीचा हात हातात घेतला आणि नवस तिच्या ओंजळीत घातला. पद्मजा "हो" म्हणाली. त्या घरात पद्मजानं दिलेला शब्द आणि देवापुढचं निरांजन या दोन्ही गोष्टी कधी विझत नसत.

नरसोबाच्या वाडीत, देवळाकडं उतरणाऱ्या वाटेवर श्रीधरचं पेढ्यांचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. श्रीधर पद्मजाचा धाकटा भाऊ. तो तिला अक्का म्हणे. त्याची बायको केतकी सांगलीच्या पूरकेंद्रात होती. कृष्णेला किती पाणी येणार, कुठलं गाव कधी उठवायचं, हे तिथले लोक आधी सांगत. पहाटेच्या पाळीला ती अंधारातच घर सोडायची. म्हणून मनूची सकाळ सगळी आत्याच्या हाती असे.

दूध, दही, तूप, मध, साखर. चांदीच्या वाटीत ती पंचामृत करी. देवाला स्नान घाली. तोवर कपाटावरची औषधाची पेटी किणकिण वाजू लागे. मनूला जन्मापासून एक छोटी पांढरी गोळी रोज होती. तिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जन्मतःच तयार झाली नव्हती. टाचेतून रक्त घेऊन बारशाच्या आधीच डॉक्टरांनी ते शोधून काढलं होतं. ती ग्रंथी जे रसायन बनवते तेच त्या गोळीत असे. पूर्वी केतकी कामावर जाताना अर्धवट झोपेतल्या मनूच्या जिभेवर गोळी ठेवून दोन घोट पाणी पाजायची. मग तिची पाळी बदलली आणि पेटी पद्मजाच्या हाती आली. पण नवसानंतर ते कसं चालणार? पाण्याचा घोट आणि गोळी म्हणजे 'दुसरं काही'च की! पद्मजानं तोड काढली होती. गोळी पळीनं चुरून ती पंचामृतातच कालवायची. देवाचंही झालं, डॉक्टरांचंही झालं. वर साखरेमुळं पोर तोंड वाकडं करत नव्हती. पेटी उघडली की तिच्यावरचा दिवा हिरवा होई आणि 'गोळी घेतली' असा निरोप सांगलीच्या रुग्णालयात आपोआप जाई. तिथं तनू होती.

तनू कोण, हे सांगायला हवं.

त्या काळात प्रत्येक आजारी मुलाचा एक गणितातला देह बनवत. मुलाचं वजन, उंची, रक्ताचे जुने तपास, जनुकं, सगळं एकदा यंत्राला दिलं की ते त्या मुलाची जुळी आकृती तयार करी. मग ती आकृती आपली आपण वाढायची. खऱ्या मुलाला जे औषध दिलं ते तिलाही गणितात दिलं जाई. तिच्या रक्तात काय चढलं, काय उतरलं ते यंत्र क्षणोक्षणी मोजत राही. फायदा मोठा होता. पोरांना उठसूट सुया टोचणं थांबलं. कागदावरचं नाव 'गणितदेह' होतं, पण मनूनं पडद्यावर स्वतःसारखीच मुलगी पाहिली आणि टाळी वाजवून म्हणाली, "मनूची तनू!" तेव्हापासून ती घरातलीच झाली. श्रीधरच्या फोनवर तनू असे, केतकीच्या मनगटावर असे. गेल्या दोन वर्षांत मनूच्या दंडाला सुई लागली नव्हती. तनूच्या गणितावर गोळीचं प्रमाणही तिथूनच ठरून येई.

तनू छान होती. तनूचे सगळे आकडे हिरवे होते.

मनू मात्र उन्हाळ्यातही आत्याच्या शालीत शिरून बसे. "आत्या, मला थंडी वाजते गं." शाळेतून आली की दप्तरासकट ओसरीवर कलंडे. तिची कातडी खरखरीत झाली होती, तोंड सकाळी सुजल्यासारखं दिसे आणि पोट चार चार दिवस साफ होत नसे. पद्मजा श्रीधरला सांगे. श्रीधर हात पुसून फोन बघे.

"अक्का, तनूचं सगळं ठीक आहे की. बघ, हे बघ. हिरवं."

"पण मनूला..."

"अगं, लाडावलीय ती. तू पण ना! परवा बाजारातून येताना म्हणाली पाय दुखतात, आणि पेढा दाखवला तर पळत आली."

"चालत आली," पद्मजा हळूच म्हणाली. "पळाली नाही."

हे बोलणं तिथंच राहिलं. कारण पद्मजाचा आवाजच तसा होता. तिनं हातातली वाटी खाली ठेवली तरी आवाज यायचा नाही, तर शब्दांचं काय घ्या.

मग नुकतंच आठवं लागलेल्या मनूच्या चड्डीला एके दिवशी रक्ताचा डाग दिसला. पोरगी घाबरून न्हाणीघरात लपून बसली होती. पद्मजानं तिला धुऊन, पुसून कुशीत घेतलं.

संध्याकाळी श्रीधर दाराशी उभा राहून चाचरत म्हणाला, "अक्का, म्हणजे... आईचा नवस फिटला म्हणायचा का?"

केतकी आतून कडाडली, "तिचे दुधाचे दात हलायचेत अजून! नवसाचं काय घेऊन बसलाय?"

पद्मजानं मान हलवली. हा पदर नव्हे. झाडाला फांदी फुटायच्या आधी फळ लागावं तसं काही तरी होतं ते. दुसऱ्या दिवशीही तिनं चांदीच्या वाटीत गोळी चुरली.

सांगलीच्या रुग्णालयात यंत्रानं मनूच्या पोटाचं चित्र काढलं. बालशल्यविशारद डॉक्टर हिना मुजावर बाई मृदू बोलणाऱ्या होत्या, पण त्यांनी लपवलं काही नाही. मनूची दोन्ही अंडाशयं सुजली होती. उजवं तर द्राक्षाच्या घडासारखं पाणी भरलेल्या गाठींनी भरून मोठ्या मोसंबीएवढं झालं होतं.

"असं थायरॉइड कमी असलेल्या मुलींत कधी कधी होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण मनूचं थायरॉइड गोळीनं पूर्ण आटोक्यात आहे. तनूचे आकडे उत्तम आहेत. ते कारण गेलं की उरतो तो ट्यूमर. शिवाय एवढं जड झालेलं अंडाशय स्वतःभोवती पीळ खाऊ शकतं. उजवं काढावं लागेल. डाव्यातलं ठेवता येईल तेवढं ठेवू."

केतकीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. "पुढं... तिला मूलबाळ?"

"डावं चांगलं निघालं तर होईल. आज मी शब्द देऊ शकत नाही."

शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. यंत्राचे हात ती करणार होते, डॉक्टर शेजारी उभ्या राहणार होत्या. घरी परतताना गाडीत मनू खिडकीला नाक लावून म्हणाली, "तनूचं पण पोट कापणार?"

रविवारी सकाळी पद्मजानं ट्रंक उघडली. सांगलीला जायच्या आधी पोरीला महाराजांच्या पायावर घालायचं, तर अंगावर चांगलं काही हवं. तळाशी हिरव्या खणाचा परकर होता. आजी गेली त्या वर्षीच्या दिवाळीला पद्मजानंच तो शिवला होता. वाढत्या अंगाचा. खाली वीतभर कापड आत दुमडून टीप मारलेली, म्हणजे पोर वाढेल तशी दुमड उसवत न्यायची. तिच्या स्वतःच्या आईनं तिला असेच परकर शिवले होते. दर दिवाळीला एक दुमड सुटायची आणि परकराच्या कडेला जुन्या शिवणीची रेघ राहायची.

मनूनं परकर नेसला. पद्मजा खाली वाकून बघत राहिली.

काठ घोट्यावर टेकला होता. जसा दोन दिवाळ्यांपूर्वी टेकला होता, अगदी तसा. दुमड आत होती तशीच होती. मागच्या दिवाळीला न्यूमोनियातून उठलेलं पोर म्हणून तिनं मनाची समजूत घातली होती. पण आता?

"आत्या, काय बघतेस?"

"तुझा परकर आखूड झाला नाही गं अजून."

"माझा नाही होत. तनूचा झाला असता," मनू सहज म्हणाली. "तनू माझ्यापेक्षा एवढी उंच आहे." तिनं डोक्यावर हाताची वीत धरली. "बाबांच्या फोनमध्ये मी तिच्याशेजारी उभी राहते ना, तेव्हा दिसते. ती वाढते. मी नाही वाढत. ती शहाणी आहे."

दोन वर्षांपूर्वी उंची मोजून यंत्राला दिली होती. पुढची उंची तनू स्वतःच गणितानं वाढवत राहिली, आणि खरी पट्टी मनूच्या डोक्याला कुणी लावली नाही. परवा रुग्णालयातसुद्धा नाही. तिथंही सगळे पडद्याकडं बघत होते.

पद्मजा देव्हाऱ्यापुढं येऊन बसली. जपमाळ हातात होती, पण मणी सरकेना. दोघी जुळ्या. दोघींना एकच गोळी. एक वाढते, एक वाढत नाही. मग तनूला असं काय मिळतं, जे मनूला मिळत नाही? की मनूला असं काही मिळतं, जे तनूला...

तिची नजर चांदीच्या वाटीवर गेली. वाटीच्या कडेला दह्याचा पांढरा कण सुकला होता.

सोमवारी मनूला निळा झगा घालून पलंगावर बसवलं होतं. डॉक्टर मुजावर आल्या, मनूच्या गालाला हात लावला, निघाल्या. पद्मजा त्यांच्यामागं दारापर्यंत गेली. श्रीधर फोनवर कुणाला तरी खोली सांगत होता, केतकी कागदांवर सही करत होती.

"डॉक्टर," पद्मजा म्हणाली. इतक्या हळू, की त्यांना थांबून वळावं लागलं. "एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"तनूला पंचामृत कोण देतं?"

डॉक्टरांना कळेना. "म्हणजे?"

"मनूची गोळी मी रोज पंचामृतात कालवून देते. दूध, दही, तूप, मध, साखर. आमच्या आईचा नवस आहे. देवाचं पोटात गेल्याशिवाय दुसरं काही द्यायचं नाही. तनूला गोळी तुम्ही देता. पण पंचामृत कोण देतं? का ती नुसतीच घेते?"

डॉक्टर मुजावर जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं, मग रंग गेला.

"किती दिवसांपासून?"

"आई गेल्यापासून. दोन वर्षं."

"त्याआधी?"

"त्याआधी आमची केतकी पाण्याबरोबर द्यायची. झोपेतच."

डॉक्टर खोलीत परत आल्या. त्यांनी मनूचा हात हातात घेतला, कातडी बोटानं चोळून पाहिली. पापणीखालची सूज पाहिली. गुडघ्यावर हातोडीनं हलकेच टकटक केलं. पाय सावकाश वर आला आणि त्याहून सावकाश खाली गेला, जणू त्यालाही कंटाळा आला होता. मग त्यांनी भिंतीशी उभं करून मनूची उंची मोजली, पुन्हा एकदा मोजली.

"ऑपरेशन थांबवा," त्या दारातल्या नर्सला म्हणाल्या. "आणि मला हिचं रक्त हवंय. खरं."

"तनूचे आकडे तर..." श्रीधर म्हणाला.

"तनूचे नको, श्रीधरराव. हिचे."

सुई बघताच मनूनं पाय पोटाशी घेतले. दोन वर्षांत ती सुया विसरली होती आणि आता सगळं एकदम आठवलं.

"तनूला टोचा! ती मोठी आहे!"

"तनूला रक्तच नाही बाळा," पद्मजानं तिला मांडीवर घेतलं.

"मग ती खरी नाही?"

"नाही. खरी तू."

मनूनं डोळे बारीक करून आत्याकडं पाहिलं. अशा वेळी सौदा करायचा असतो, हे तिला पेढ्याच्या दुकानात जन्मल्यामुळं ठाऊक होतं. "मी टोचून घेतलं तर काय देशील?"

"काय हवं?"

"नावेतून पलीकडं जायचं. तू पण."

श्रीधरनं मान वर केली. सगळ्या वाडीला ठाऊक होतं, की पद्मजा नावेत बसत नाही. पूर्वी एका महापुरात माडीच्या खिडकीतून तिला होडीत उतरवलं होतं आणि होडी विजेच्या तारेला अडकून कलली होती. तेव्हापासून ती घाटाच्या पायरीखाली पाऊल टाकत नसे. पलीकडच्या देवाला इथूनच हात जोडी.

"मनू, दुसरं काही माग," केतकी म्हणाली.

"दुसरं नको."

"जाऊ," पद्मजा म्हणाली. "तुझा परकर आखूड झाला, की त्या दिवशी जाऊ. तू आणि मी."

"शब्द?"

"शब्द."

मनूनं दंड पुढं केला आणि डोळे मिटून घेतले. नर्सनं सुई लावली. पद्मजाच्या ओठांवर नाम होतं. नळीत रक्त चढलं.

दुपारनंतर डॉक्टर मुजावर आल्या. त्या खुर्ची ओढून बसल्या, आणि डॉक्टर खुर्ची ओढून बसतात तेव्हा सांगण्यासारखं काही असतं हे केतकीनं ओळखलं.

"मनूच्या रक्तात गोळीचं औषध जवळजवळ नाहीच," त्या म्हणाल्या. "दूध आणि दह्यातलं कॅल्शियम त्या औषधाला आतड्यात चिकटून बसतं. औषध अंगात शिरतच नाही, तसंच बाहेर जातं. थोडंफार लागत असेल, त्यावर पोर इतके दिवस तगली."

"आणि पोटातल्या गाठी?" केतकीनं विचारलं.

"त्या त्याच्यामुळंच, असं मला आता वाटतं. सांगते." त्यांनी मनूच्या कपाळावर बोट ठेवलं. "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. अंगात थायरॉइडचं रसायन कमी पडलं, की ती गळ्याकडं निरोप पाठवते, अरे बनव, बनव. मनूच्या गळ्यात ऐकणारं कुणी नाही. मग वरची ग्रंथी ओरडत सुटते. निरोपांचा नुसता पूर येतो. आता गंमत अशी, की अंडाशयांना जागं करणारा जो दुसरा निरोप असतो, त्याचा साचा याच्यासारखाच आहे. थोडे निरोप असतील तर अंडाशयं फसत नाहीत. पण पूर आला, की त्यांना वाटतं, हे आपल्यालाच बोलावताहेत. म्हणून ती वेळेआधी जागी झाली, फुगली. रक्त गेलं ते त्यानंच. आणि हाडं मात्र झोपलेली. एरवी वेळेआधी वयात येणारं पोर भराभर उंच होतं. ही उलट थांबली. ते मला त्याच दिवशी दिसायला हवं होतं."

पूर म्हटल्यावर केतकीनं मान हलवली. तिला ते फार नीट कळलं.

"मग काढायचं नाही काही?" श्रीधर.

"आज नाही. गोळी पोटात नीट गेली तर वरचं ओरडणं थांबेल आणि गाठी आपणहून ओसरतील. बहुतेक ओसरतात. पण तोवर पीळ पडायची भीती आहेच. उड्या नाहीत, पळणं नाही. पोटात कळ आली की तडक इथं. थांबायची जोखीम आहे, हे तुम्हाला कळायला हवं."

केतकी आणि श्रीधरनं एकमेकांकडं पाहिलं. "थांबू," केतकी म्हणाली.

पद्मजा भिंतीला टेकून उभी होती. दोन वर्षं ती रोज पहाटे, सोवळ्यानं, शुद्ध मनानं... तिच्यानं पुढचा विचार करवेना. डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवलं.

केतकी उठली. नणंद-भावजयीत कधी चढा शब्द नव्हता. पण कधी गळामिठीही नव्हती. केतकीनं तिचे दोन्ही खांदे धरले.

"वन्सं, माझ्याकडं बघा. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला नीट सांगितलं नाही मी. पाळी बदलली आणि पेटी तुमच्या हातात देऊन निघून गेले. मनगटावर हिरवा दिवा बघत होते रोज. पोर समोर कुडकुडत होती."

"मी तिला..."

"तुम्ही तिचा परकर बघितलात. आम्ही कुणी बघितला नाही."

जाताना डॉक्टर मुजावर पद्मजाजवळ थांबल्या. "नवस मोडा असं मी म्हणणार नाही. आमच्या घरीही रोजा सोडताना आधी खजूर, मग पाणी. आईपुढं माझं काही चालत नाही. फक्त गोळी आधी, नुसत्या पाण्याबरोबर. तासाभरानं पंचामृत. जमेल?"

पद्मजानं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती देव्हाऱ्यापुढं उभी राहिली. एका तळहातावर गोळी. समोर चांदीच्या वाटीत पंचामृत. पेटी किणकिणत होती. आईचा आवाज आला, नेहमीसारखा. लेकराच्या तोंडात दुसरं काही जाता कामा नये.

आई काय मागत होती? पंचामृत आधी जावं एवढंच, की लेकरू जगावं? घाटावर पदर पसरला तेव्हा ती महाराजांना म्हणाली होती, माझं पोर राखा. पंचामृत नंतर सुचलं होतं. आणि पंचामृताआधी तोंडात काही जाऊ नये, एवढाच नेम असेल, तर नेम धरायला माणूस लागतं. ते माणूस मनूच असायला हवं, असं कुठं आहे?

"आई," ती मनात म्हणाली, "आधीचा उपास माझ्याकडं. मनूला पंचामृत मिळेपर्यंत माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही. तिला पदर येईपर्यंत. खरा पदर. चालेल ना?"

आईचा आवाज आला नाही. तिनं ते होकारासारखं घेतलं.

मनूला हलवून उठवलं, गोळी जिभेवर ठेवली, दोन घोट पाणी पाजलं. पोरीनं तोंड वाकडं केलं. "गोड नाही."

"गोड नंतर. तोवर इथं ये."

आणि मग तो एक तास त्या दोघींचा झाला. मनू शालीत, आत्या भिंतीला टेकून, दोघी उपाशी. आधी आत्या देवांच्या गोष्टी सांगे. मग मनू शाळेच्या सांगू लागली. मग एका सकाळी मनू म्हणाली, "शाल नको, गरम होतंय," आणि पद्मजानं शाल तोंडावर धरून डोळे पुसले. कधी पद्मजाचा घसा कोरडा पडे, मनूला ते कळे. ती देवघरातल्या घड्याळावर नजर ठेवून बसे आणि काटा जागेवर आला, की स्वतःच वाटी उचलून आत्याकडं धरी. "चल, मी खाते, मग तू पाणी पी."

श्रावणात सांगलीला चित्र काढलं, तेव्हा उजवीकडचा घड अर्ध्यावर आला होता. दसऱ्यानंतरच्या चित्रात डॉक्टरांना गाठी शोधाव्या लागल्या. दोन्ही अंडाशयं आपापल्या जागी, बदामाएवढी, पुन्हा झोपी गेलेली. रक्त परत कधी दिसलं नाही. मनूनं त्या दिवशी आपणहून दंड पुढं केला होता. दर खेपेला खरं रक्त काढायचं, असं डॉक्टर मुजावरांनी आता सगळ्याच मुलांसाठी ठरवलं होतं. तनूलाही त्यांनी बदललं होतं. पद्मजाला पडदा दाखवत त्या म्हणाल्या, "बघा, आता तुमची तनू सकाळी गोळी घेते, तास थांबते, मग पंचामृत खाते."

"नैवेद्य दाखवून?" पद्मजानं विचारलं.

डॉक्टर हसल्या. "तेवढं गणित जमलं नाही हो अजून."

दिवाळीच्या पाडव्याला केतकीला सुट्टी होती. ती ओट्यावर फराळ काढत होती, श्रीधर दुकानात गर्दीला पेढे तोलत होता. मनू हिरवा परकर नेसून आली आणि अंगणात रांगोळीभोवती गरकन फिरली.

पद्मजानं पाहिलं. काठ घोट्याच्या वर गेला होता. मनूचे दोन्ही घोटे, हाडांसकट, पैंजणांसकट, उघडे दिसत होते.

"आत्या! बघ!"

"बघितलं गं."

"आखूड झाला!"

"हो की."

पद्मजानं तिला उंबऱ्यावर उभं केलं, स्वतः खाली बसली आणि शिवणाच्या डब्यातली लहान कात्री घेतली. एकेक टाका तोडत पहिली दुमड सोडवली. आतलं कापड उन्हात न उतरलेलं, गर्द हिरवं होतं. काठ खाली आला आणि दोन वर्षं दबलेली शिवणीची रेघ वर राहिली. तिनं ती तळहातानं सपाट केली. नंतर कात्री डब्यात ठेवली, देवाला नमस्कार केला आणि खुंटीवरची शाल घेतली.

"कुठं निघालात वन्सं?" केतकीनं झारा हातात धरून विचारलं. "फराळ तयार आहे."

"आलो जाऊन," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

वाटेवर दुकानातून श्रीधरनं हाक मारली असावी. तिनं ऐकली नाही. घाटाच्या पायऱ्या ती मनूचा हात धरून उतरत राहिली. खाली कृष्णा संथ होती, पैलतीरावरची झाडं पाण्यात उतरली होती. नेहमी जिथं ती थांबायची ती पायरी आली. पद्मजाचे पाय थांबले.

"भीती वाटते, आत्या?"

"वाटते."

"मी पण भ्यायले होते. सुईला." मनूनं तिचा हात घट्ट धरला. "डोळे मिट. होतं लगेच."

नावाडी दोरी सोडत होता. पद्मजानं चपला पायरीवर काढल्या, पदर कमरेला खोचला आणि मनूच्या पाठोपाठ पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं.